काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका

परवा माझ्या टेबलावर पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली आली. आत फॉर्मेलिन आणि त्यात लिंबाएवढी गाठ. ऑपरेशननंतर मऊ होती तेव्हा कुणीतरी ती दाबून त्या अरुंद तोंडातून आत ढकलली होती. फॉर्मेलिनमध्ये गाठ कडक होते. आता ती बाहेर निघेना, शेवटी सुरीने बाटलीच कापावी लागली. बाटली आणणारा तरुण बाहेर बाकावर बसला होता. साठ किलोमीटर एसटीने आला होता, मांडीवर पिशवी, पिशवीत वडिलांची गाठ.

वडील पंचावन्न वर्षांचे, कोरडवाहू शेतकरी. कागदावर लिहिलं होतं, ‘मांडीवरची चरबीची गाठ, पुन्हा उद्भवलेली’. मी बाहेर जाऊन विचारलं, “पुन्हा म्हणजे कितव्यांदा?”

“चौथ्यांदा, मॅडम.”

“आधीच्या तीन गाठींचे रिपोर्ट आणलेत?”

तो गोंधळला. “रिपोर्ट नाही. साधी आहे म्हणाले. टाकून दिली.”

ती साधी नव्हती. तो सार्कोमा निघाला, म्हणजे स्नायू-चरबीच्या जातीचा कर्करोग. चार वर्षांत तीनदा ती गाठ माणसाच्या अंगातून बाहेर आली होती आणि तिन्ही वेळा कचऱ्याच्या बादलीत गेली होती. चौथ्या खेपेला तिचं नाव कळलं, तोवर छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसांत ठिपके दिसू लागले होते.

मी एका जिल्ह्याच्या गावी सव्वीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट आहे. गावात माझी ओळख ‘रक्त-लघवी तपासणाऱ्या बाई’ अशी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या कामाचा मोठा भाग असतो तो अंगातून काढलेल्या गाठी आणि तुकडे तपासण्याचा. त्या खुर्चीतून आज हात जोडून एकच मागणं मागते आहे. तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या अंगातून काढलेली कुठलीही गाठ, कितीही लहान असो, कुणीही साधी म्हटलेली असो, तपासणीला गेल्याशिवाय टाकू देऊ नका. आणि अंगात असलेल्या गाठीचा निकाल हाताने, दुखण्यावरून किंवा भीतीवरून लावू नका.

साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ यांत फरक कशाचा, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, साधी लहान असते, कर्करोगाची मोठी. किंवा साधी दुखत नाही, कर्करोगाची दुखते. दोन्ही चूक. फरक आकाराचा नाही, हद्दीचा आहे. खेड्यातल्या माणसाला तो सांगायला मला फार वेळ लागत नाही, कारण बांध कोरणारा शेजारी प्रत्येकाला माहीत असतो.

साधी गाठ म्हणजे आपल्याच रानात घर वाढवत नेणारा माणूस. घर मोठं होईल, शेजाऱ्याचं ऊन अडवेल, पण बांध जागेवर राहील. अशा गाठीभोवती बहुधा पातळ वेष्टण असतं. ती शेजारच्या मांसाला ढकलते, त्याच्यात शिरत नाही. सर्जनने चीर दिली की शेंगेतून दाणा निसटावा तशी अखंड बाहेर येते आणि पूर्ण निघाली तर सहसा विषय संपतो. आवाळू, म्हणजे चरबीची गाठ, या जातीची. तरुण मुलींच्या स्तनात बोटाखाली इकडून तिकडे सरकणारी फायब्रोअॅडिनोमाची गाठही याच जातीची.

कर्करोगाची गाठ बांध कोरते. आपल्या शरीरात त्वचेचा, तोंडाच्या आतल्या अस्तराचा, स्तनातल्या दुधाच्या नळ्यांचा जो थर असतो, त्याच्याखाली एक अतिशय पातळ पडदा असतो. निरोगी पेशी तो ओलांडत नाही. कर्करोगाची पेशी तो विरघळवते, खालच्या मांसात बोटं घालते, रक्तवाहिनीत आणि लसवाहिनीत शिरते आणि मग काखेत, यकृतात, हाडात, फुफ्फुसात जाऊन नवं बिऱ्हाड मांडते. आमच्या रिपोर्टात ‘इन्व्हेजिव्ह’ हा शब्द येतो तो याच अर्थाने. ती घुसली आहे. कर्क म्हणजे खेकडा, आणि ग्रीकांनीही या रोगाला खेकड्याचंच नाव दिलं होतं. आपल्याकडे सुश्रुताने ग्रंथी वेगळी आणि अर्बुद वेगळं मांडलं, एका अर्बुदावर उठणाऱ्या दुसऱ्या अर्बुदाला वेगळं नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यांना एवढं दिसलं. आपल्याकडे सूक्ष्मदर्शक आहे आणि आपण गाठ बादलीत टाकतो.

आता दुखण्याचं. माझ्या सख्ख्या मावशीने स्तनातली गाठ चौदा महिने पदराखाली ठेवली. का, तर “दुखत नाही गं, दुखली असती तर सांगितलं असतं.” भाचीच पॅथॉलॉजिस्ट, दिवाळीला घरी येऊन फराळ करून गेली, आणि मावशीने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, हेही इथे कबूल करते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. पू झालेली गाठ ठणकते, पाळीच्या आधी स्तन दुखतात, गळू दुखतं. न दुखणाऱ्या टणक गाठीला आपल्याकडे ‘बिनदुखती, म्हणजे बिनधोक’ असं प्रमाणपत्र मिळतं आणि ते देणारं कोणी डॉक्टर नसतं, सासू असते, शेजारीण असते, कधी आपण स्वतःच असतो.

हाताचंही तसंच. हात गाठ शोधतो, निकाल देत नाही. शोधण्याचं मोल मोठं आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या पथकाने दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्य-कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण त्या कार्यकर्त्या गाठ सापडली की ‘साधी वाटते’ म्हणून घरी पाठवत नव्हत्या. पुढच्या तपासणीला पाठवत होत्या.

नुसती पेशी पाहूनही कधी कधी भागत नाही, हे आमच्या धंद्याचं गुपित आहे. गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठी घ्या. त्यातल्या बहुतेक साध्या असतात, घाबरण्यासारखं काही नसतं. पण त्यांत एक जोडी अशी आहे, फॉलिक्युलर अॅडिनोमा आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा, एक साधी आणि एक कर्करोग, की दोघींच्या पेशी शेजारी ठेवल्या तर मीही ओळखू शकत नाही. फरक एवढाच की दुसरीने आपलं वेष्टण कुठेतरी एका जागी फोडलेलं असतं, किंवा ती एखाद्या बारीक रक्तवाहिनीत शिरलेली असते. सुईने ओढलेल्या चार पेशींत ते दिसत नाही. पूर्ण गाठ हवी, तिचं वेष्टण सगळीकडून कापून बघायला हवं. बांधावरून चालत जाऊन पाहावा लागतो, तो कुठे कोरलाय का. म्हणून थायरॉइडच्या सुईच्या रिपोर्टात ‘नक्की सांगता येत नाही, गाठ काढून तपासा’ असं आलं तर पॅथॉलॉजिस्टला काही येत नाही असा अर्थ काढू नका. तो खरं बोलतोय.

याच कारणासाठी आणखी एक विनंती. गाठ अर्धी करून दोन लॅबमध्ये पाठवू नका. “एक तुकडा इथे, एक पुण्याला, दोन्ही रिपोर्ट जुळले तर बरं” असा विचार शिकलेली माणसं करतात. माझ्याकडे आलेल्या अर्ध्यात सगळं साधं असतं आणि घुसखोरी दुसऱ्या अर्ध्यात असते. दुसरं मत हवं असेल तर खुशाल घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यासाठी लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि काचा मागून घ्या. ते आम्ही जपून ठेवलेले असतात आणि रुग्णाला मागता येतात.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला लग्नाच्या मांडवातसुद्धा विचारला जातो. “सुई लावली की गाठ चवताळते ना? तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ना?”

नाही. माझ्या सव्वीस वर्षांत या एका समजुतीने जेवढी माणसं उशिरा आली, तेवढी गरिबीनेही आली नसतील. हा माझा अंदाज आहे, आकडा नव्हे. स्तनाची, मानेची, तोंडाची, काखेची गाठ सुईने किंवा लहान तुकडा काढून तपासल्याने रोग वाढत नाही. मग समजूत आली कुठून? माणूस वर्षभर गाठ अंगावर काढतो. शेवटी तपासायला येतो तेव्हा रोग आतून पसरलेलाच असतो. तुकडा काढल्यावर पंधरा दिवसांनी ते कळतं, आणि दोष तुकड्याला लागतो. लोक आरोपी सोडून पंचनामा करणाऱ्याला धरतात.

अपवाद आहेत, तेही सांगते, कारण अर्धंच सांगितलं तर ते लोकांना बरोबर कळतं. पुरुषाच्या अंडकोशात गाठ असेल तर तिला बाहेरून सुई लावायची नसते. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून, संशय असेल तर जांघेतून वृषण काढतात आणि मग तपासतात. अंडाशयातल्या काही पाण्याच्या गाठी फुटू न देता अख्ख्या काढायच्या असतात. हातापायातली खोल, मोठ्या लिंबापेक्षा, म्हणजे ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा वाढत चाललेली गाठ असेल तर तुकडा कुठून घ्यायचा हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने एमआरआय पाहून ठरवायचं असतं. त्या शेतकऱ्याच्या मांडीतली गाठ पहिल्यांदा काढली गेली तेव्हाच एवढी मोठी आणि खोल होती, असं त्याच्या मुलाने नंतर सांगितलं. तुकडा कुठून घ्यायचा हे डॉक्टरांना ठरवू द्या. घ्यायचाच नाही, हे मात्र घरच्यांनी ठरवू नये.

सुईचं भय आणि बिब्ब्याचं धाडस एकाच घरात नांदतं, हे मला कोडं आहे. सुई नको म्हणणारा माणूस गाठीवर बिब्बा घालतो, डाग देतो, चामखिळीला घोड्याचा केस बांधतो. चामखीळ बहुतेकदा निरुपद्रवी असते, तिचं काय व्हायचं ते होवो. पण तळपायावरचा काळा डाग कुरूप म्हणून ब्लेडने कोरू नका. आपल्या कातडीच्या माणसांत मेलॅनोमा हा रंगाच्या पेशींचा कर्करोग कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा त्याला आवडते. पसरणारा, कडा वेड्यावाकड्या झालेला, चिघळणारा काळा डाग पायाखाली दिसला तर तो कोरायचा नाही, दाखवायचा.

तुकडा तपासला म्हणजे ब्रह्मवाक्य मिळालं, असंही नाही. १८८७ मध्ये जर्मनीच्या युवराजाच्या घशात, स्वरतंतूवर गाठ आली. जर्मन सर्जन म्हणाले, कर्करोग आहे, कापू. इंग्लंडहून बोलावलेले घशाचे तज्ज्ञ मॅकेंझी म्हणाले, आधी तुकडा तपासा. तुकडा गेला थेट रुडॉल्फ व्हर्चो यांच्याकडे. पेशींवरून रोग ओळखण्याचं शास्त्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे. त्यांना त्या तुकड्यांत कर्करोग दिसला नाही. ऑपरेशन टळलं. मार्च १८८८ मध्ये युवराज तिसरा फ्रेडरिक म्हणून गादीवर आला, ९९ दिवस राज्य केलं आणि जूनमध्ये घशाच्या कर्करोगानेच गेला. व्हर्चो यांना हाती आलेल्या तुकड्यांत जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. त्या तुकड्यांनी गाठीच्या पोटातलं सगळं दाखवलं नसावं, एवढंच.

म्हणून रिपोर्ट ‘साधी’ आला आणि गाठ मात्र वाढतेच आहे, जखम भरतच नाही, तर परत जा. “रिपोर्ट नॉर्मल आहे, आता काय दाखवायचं” असं म्हणून घरी बसू नका. तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि तुकड्याचा रिपोर्ट, स्तनाच्या बाबतीत हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. तिघांतला एक जरी वेगळं बोलला तर पुन्हा तुकडा घ्यायचा.

बांध अजून कोरला गेला नाही, पण पलीकडचा माणूस कुदळ घेऊन उभा आहे, अशीही एक पायरी असते. रिपोर्टात ‘इन सिटू’ किंवा ‘डिसप्लेझिया’ असे शब्द येतात ते या पायरीचे. पेशी बिघडल्यात, पडदा शाबूत आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी ही पायरी बहुधा दहा-दहा वर्षं टिकते. एवढा अवधी देणारा शत्रू विरळाच. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांतल्या बायकांची एकदाच, आयुष्यात फक्त एकदा, एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली आणि दोष सापडल्यावर उपचार झाले, त्या गावांत आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. जगभरचे डॉक्टर हा अभ्यास उद्धृत करतात. धाराशिवच्या शेजारच्या जिल्ह्यातली शिक्षिका मात्र मला विचारते, “मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?”

तोंडातली ही पायरी तर आरशात दिसते. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा चट्टा, आणि त्याहून वाईट म्हणजे मखमलीसारखा लाल चट्टा. तिखट लागताच होणारी आग. तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत इतका आखडलेला जबडा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण. अचानक हलायला लागलेला दात. तो उपटण्याआधी डेंटिस्टला विचारा की हिरडी तपासली का. भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे आणि त्याचं कारण टपरीवर टांगलेलं असतं. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. माझ्या लॅबच्या कोपऱ्यावर तो कुठे मिळतो, हे मला माहीत आहे, तुम्हालाही तुमच्या कोपऱ्यावरचं माहीत आहे. मिश्री लावणाऱ्या आजींनाही हेच सांगणं आहे. भाजल्याने तंबाखू सोज्वळ होत नाही. सोडायचं असेल तर १८००११२३५६ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत.

इथवर मी दुर्लक्षाबद्दल बोलले. भीतीनेही तेवढंच नुकसान केलं आहे, आणि ते सोसलं बायकांनी.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी चाळिशीच्या बायकांत सर्रास असतात. त्या साध्या असतात. पुष्कळजणींना त्यांचा पत्ताही नसतो, पाळी गेल्यावर त्या बहुधा आक्रसतात. तरी “पिशवीत गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका” हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यात पाळीमुळे बुडणारी मजुरी होती, मुकादमाची उचल होती, दवाखान्यांचं अर्थकारण होतं. पण अनेकींना ऑपरेशनच्या टेबलावर नेणारा शब्द ‘कॅन्सर’ हाच होता. साधी गाठ आणि घुसणारी गाठ यांतला फरक त्या बाईला कुणी सांगितला असता तर तिने निदान एक प्रश्न विचारला असता.

तो प्रश्न तुम्ही विचारा. “कॅन्सर आहे असं कशावरून म्हणता? तुकडा तपासलाय का?” कर्करोगाच्या नावाने कुणी अवयव काढायला सांगत असेल तर आधी कागद मागा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर गेलं, तर मात्र वाट न पाहता गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्या. आणि खऱ्या कारणाने पिशवी काढावीच लागली, तर तीही तपासणीला गेलीच पाहिजे. फायब्रॉइडच्या रूपात सार्कोमा दडलेला असणं दुर्मीळ आहे, पण शून्य नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अंदाज दिला, की फायब्रॉइडसाठी ऑपरेशन होणाऱ्या सुमारे ३५० बायकांमागे एकीच्या गाठीत तो असू शकतो. बाकी ३४९ जणींना भीती घालायची गरज नाही आणि त्या एकीची गाठ बादलीत टाकायचीही नाही. दोन्ही गोष्टी एकाच बरणीने साधतात.

त्या बरणीबद्दल थोडं, कारण ती बहुधा नातेवाइकांच्याच हातात देतात. तोंड रुंद हवं, लोणच्याच्या बरणीसारखं. आत १० टक्के फॉर्मेलिन, गाठीच्या दहापट. पाणी नको, सलाइन नको, स्पिरिट नको, बर्फ तर नकोच. मटण आणि गाठ यांत फरक आहे. नाव, वय, कुठल्या बाजूची, हे बरणीवर लिहिलेलं असावं, नुसतं झाकणावर नको, झाकणं बदलतात. सोबतच्या कागदावर आधी कधी गाठ काढली होती का, किती दिवसांत वाढली, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मग त्या गाठीचे काप होतात, ते मेणात बसतात, केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढे पातळ कापले जातात, निळ्या-गुलाबी रंगात रंगतात. “सकाळी दिलं, संध्याकाळी रिपोर्ट द्या” हे रक्ताला चालतं, गाठीला नाही. चार-आठ दिवस लागतात. त्या काळात आम्ही झोपलेल्या नसतो.

रिपोर्ट आला की शेवटची ओळ वाचून फाइल बंद करू नका. ‘बिनाइन’ म्हणजे साधी. ‘मॅलिग्नंट’, ‘कार्सिनोमा’, ‘सार्कोमा’ म्हणजे कर्करोग. ‘मार्जिन’ म्हणजे कापलेली कड. तिथे पेशी उरल्यात का, ते बघा. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं असं समजून पेढे वाटलेलं एक कुटुंब मला आठवतं. आणि बिनाइन म्हणजे निर्धास्त असंही दर वेळी नसतं. मेंदूच्या आवरणावरची साधी गाठ न घुसताही दाबून माणसाला आंधळं करू शकते. जबड्यातला अॅमेलोब्लास्टोमा नावाने साधा, पण हाड खातो आणि नुसता खरवडला तर परत येतो. उलट चेहऱ्यावरचा बेसल सेल कार्सिनोमा नावाने कर्करोग, घुसतो, पण दूर जवळजवळ कधीच जात नाही. नाव वाचून स्वतः निकाल लावू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, पूर्ण निघाली का, पुन्हा कधी दाखवायचं.

पैशाचं म्हणाल तर ऑपरेशनच्या बिलापुढे या तपासणीचा खर्च किरकोळ असतो. सरकारी रुग्णालयांत सोय आहे, तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रांवर व्हावी असा कार्यक्रम आहे. तुमच्या आशाताईला विचारा. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार आहेत, चौकशीचा क्रमांक १५५३८८. योजनेत मंजुरीसाठी जो कागद मागतात, तो हाच, तुकड्याचा रिपोर्ट. गाठ टाकून दिलेल्या माणसाकडे तोही नसतो.

नुसत्या सांगण्याने काही होतं का, असं मला सहकारी विचारतात. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंदी घेत आणि लक्षणं समजावून सांगत. काही वर्षांत त्या भागातल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. तेव्हा गावात ना यंत्रं आली होती ना नवं औषध. कुणीतरी ओसरीवर बसून बोललं होतं. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख माणसांना कर्करोग होतो आणि ९ लाख माणसं त्याने जातात. ओसऱ्या अजून पुष्कळ शिल्लक आहेत.

सर्जन मित्रांनो, तुमच्याशीही बोलते आहे. “एवढ्याशा गाठीला काय पाठवायचं, पेशंट गरीब आहे” हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं आहे. गरीब आहे म्हणूनच पाठवा. त्याला चौथं ऑपरेशन परवडत नाही.

आणि वाचकहो, हे वाचून झालं की घरातली दवाखान्याची पिशवी काढा. गेल्या एक-दोन वर्षांत घरात कुणाची गाठ काढली असेल, गर्भाशयाची पिशवी काढली असेल, तर तिचा तपासणी-रिपोर्ट आहे का बघा. नसेल तर उद्या सकाळी त्या दवाखान्यात जाऊन विचारा, गाठ पाठवली होती का, ठेवली आहे का. फॉर्मेलिनमध्ये बुडवून ठेवलेली गाठ काही महिन्यांनीही तपासता येते. मी स्वतः तपासल्या आहेत.